भाई नेरूरकरांचे तीन नो-बॉल

भाई नेरूरकर गेल्याची बातमी कुडाळहून अजमानला दुपारी एक वाजता पोचली आणि संध्याकाळी पाचपर्यंत भाई जगातले सर्वश्रेष्ठ फलंदाज होऊन बसले होते. चार तासांत! जिवंतपणी त्यांना सलग चार तास बॅटिंग कधी मिळाली नव्हती. आमच्या शुक्रवारच्या मॅचेस बारा-बारा ओव्हरच्या असायच्या आणि जुम्म्याच्या नमाजाआधी मैदान मोकळं करावं लागायचं.

शोकसभा पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी, अजमानमधल्या एका केरळी हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये ठेवली होती. स्टेजवर भाईंचा बॅट उंचावलेला मोठा फोटो आणि खाली लाल अक्षरांत ‘नऊ वर्षे नाबाद’. बॅनरला साठ दिरहम पडले, म्हणजे आपले साडेसातशे रुपये, हे माने फोरमननी श्रद्धांजलीच्या भाषणातसुद्धा सांगितलं. माने म्हणजे आमच्या कंपनीचे सगळ्यात जुने फोरमन, सातारचे, आवाज असा की काँक्रीट मिक्सर चालू असतानाही ऐकू जाईल. त्या आवाजात ते म्हणाले, "मंडळी, नऊ वर्षं! नऊ वर्षांत एकाही माईच्या लालला भाईंची विकेट घेता आली नाही!" टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे कुणाला आठवलं नाही.

माझ्या शेजारी माझी मुलगी सई बसली होती. जन्म इथलाच, वय सोळा, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत. ती माझ्या कानाशी लागली, "ममा, वॉज ही रिअली दॅट गुड?"

मी म्हटलं, "गप बस. नंतर सांगते."

सांगणार काय, कपाळ? त्या नऊ वर्षांतला प्रत्येक चेंडू मी माझ्या हाताने लिहिलाय. त्या टीमची स्कोअरर मी होते. ठाण्याला माझे तीन भाऊ क्रिकेट खेळायचे आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मला वही धरून कट्ट्यावर बसवायचे. लग्न होऊन आखातात आले तर इथेही तेच नशिबी आलं. आमचे हे कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर. पहिल्याच शुक्रवारी लेग-बाय म्हणजे काय हे मला माहीत आहे असं त्यांना कळलं आणि दुसऱ्या शुक्रवारी माझ्या मांडीवर वही आली.

खरं सांगू? भाईंना बॅट धरता यायची. एवढंच. चेंडू इकडून यायचा आणि बॅट तिकडून जायची, दोघांची गाठ पडलीच तर योगायोग. पण त्यांचा थाट बघावा! पांढरा फुलशर्ट, कडक इस्त्रीचा. पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यांना आदल्या संध्याकाळी खडू लावून ठेवलेला. पॅड एकाच पायाला, कारण दुसरा हरवला होता. क्रीजवर आले की मिडल स्टंपचा गार्ड घ्यायचे, मग मागे होऊन सगळे फील्डर मोजायचे. एकेकाकडे बोट करून, मोठ्याने, "एक, दोन, तीन..." अकरा भरले की समाधानाने मान हलवायची आणि मग बॅट टेकवायची. दर ओव्हरला हे. सवयच होती त्यांची, कारण सकाळी साडेपाचला कॅम्पच्या बसमध्ये कामगार चढताना ते असेच मोजायचे.

आता इथेच खरी ग्यानबाची मेख आहे. भाई आमच्या कंपनीचे कॅम्प ऑफिसर होते. हजेरी त्यांच्याकडे, खोल्यांचं वाटप त्यांच्याकडे, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे सुट्टीचे अर्ज त्यांच्याकडे. दोन वर्षांतून एकदा घरी जायला मिळायचं. त्या काळी सगळ्यांचे पासपोर्ट कंपनी ठेवून घ्यायची आणि ते भाईंच्या टेबलामागच्या राखाडी स्टीलच्या कपाटात असायचे. चारशे माणसांची आई, बायको, मुलं, घराची कौलं, सगळं त्या एका कपाटात बंद. किल्ली भाईंच्या जानव्याला. आणि शुक्रवारच्या मॅचमध्ये खेळणारे कोण? प्लंबिंग विरुद्ध इलेक्ट्रिकल, कार्पेंटरी विरुद्ध ऑफिस. सगळे त्या कपाटातलेच.

मग कोण आऊट करतोय!

त्यात भाईंना एक खोड होती. काहीही विचारा, ते आधी म्हणायचे, "बघतो." चहा घेणार का? बघतो. उद्या मॅच आहे ना? बघतो, इन्शाल्ला. सुट्टीचा अर्ज पुढे केला तरी चष्म्यावरून पाहून, "ठेव. बघतो." बस, त्या माणसाची झोप उडायची. त्या ‘बघतो’चा अर्थ लावायला रात्री खोलीत दहा जण बसायचे. म्हणजे देणार? म्हणजे नाही देणार? काल शॉर्ट लेगला अपील जरा जोरात केलंस का तू?

मी पहिलीच मॅच लिहीत होते तेव्हाची गोष्ट. भाईंनी चेंडू हवेत उडवला. सरळ मिड-ऑनला एका इलेक्ट्रिशियनच्या हातात. त्याने झेललाही, दोन्ही हातांत, छातीशी. मग त्याने वर पाहिलं, कोणाचा कॅच आहे ते त्याच्या ध्यानात आलं, आणि त्या बिचाऱ्याने गरम बटाटा टाकावा तसा चेंडू खाली टाकला. "डोळ्यात ऊन आलं," म्हणाला. ऊन त्याच्या पाठीशी होतं. अंपायर माने. मानेंनी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली, "सूर्याचा इथे फार त्रास आहे." मी पेन्सिल धरून बघतच राहिले.

पायचीत तर आमच्याकडे नव्हतंच. "एलबी शहरी लोकांचं," असं मानेंचं मत. रनआऊटचं म्हणाल तर एकदा भाई पिचच्या मधोमध उभे राहून बुटाची लेस बांधत होते, हो, धाव चालू असताना, आणि विकेटकीपरच्या हातात चेंडू. तो स्टंपपाशी उभा राहून भाईंची वाट बघत होता. लेस बांधून झाली, भाई चालत आले, क्रीजमध्ये बॅट टेकवली, आणि मग त्याने बेल्स उडवल्या. "थोडक्यात वाचलो," भाई म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले हो!

हेच कोडं तर मला नऊ वर्षं सुटलं नाही. या माणसाला कळत कसं नाही? का कळतं आणि मजा घेतो? आमचे हे म्हणायचे, "बेरकी आहे. सगळं कळतं." मला तसं वाटायचं नाही. भाई डाव संपला की पोह्यांची बशी घेऊन माझ्याजवळ येऊन बसायचे आणि वही मागायचे. आपल्या धावा दोनदा मोजायचे. मग खिशातून रबरी शिक्का काढायचे आणि पानाच्या खाली ठाप्प! APPROVED, खाली तारीख. तो शिक्का ते शुक्रवारीसुद्धा खिशात ठेवायचे. सईच्या चित्रावर, माझ्या रेसिपीच्या कागदावर, एकदा गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर, जिथे कागद दिसेल तिथे ठाप्प. "प्रोसिजर म्हणजे प्रोसिजर, वहिनी," म्हणायचे. अशा माणसाला लबाडी जमेल?

बाहेरच्या टीमशी मॅच असली की मानेंची खरी पंचाईत. त्या बाहेरच्यांचे पासपोर्ट काही भाईंच्या कपाटात नव्हते. एकदा रास अल खोरच्या गॅरेजमधले मेकॅनिक खेळायला आले. त्यांचा कॅप्टन सहा फुटी, लाल दाढीचा, पेशावरकडचा खान. त्याचा पहिला चेंडू विकेटकीपरच्या डोक्यावरून थेट पाण्याच्या टँकरला जाऊन थडकला, आणि माने धावत त्याच्याकडे गेले. बराच वेळ कुजबुज झाली. परत आला तो खान लहान मुलाला टाकावेत तसे अंडरआर्म चेंडू टाकू लागला. मी आमच्या ह्यांना विचारलं, काय सांगितलं हो मानेंनी? तर म्हणे, "हमारे बडे साब दिल के मरीज हैं, डॉक्टर ने आऊट होने से मना किया है."

त्यानंतर तो खान जेव्हा भेटे तेव्हा भाईंचे दोन्ही हात हातात घेऊन विचारायचा, "साब, दिल कैसा है?" भाई भारावून सांगायचे, "एकदम बढिया! बहुत बडा है!" एकदा त्याने मधाची बाटली आणून दिली. भाईंना वाटलं, बॅटिंगवर खूश होऊन दिली. गेल्या आठवड्यात भाई हार्टनेच गेले. मानेंना ते दहा वर्षं आधी कळलं होतं म्हणायचं.

असा सगळा आनंदीआनंद चालू होता. मीही त्यातलीच. हसायचे, लिहायचे, पोहे वाढायचे. आणि मग सुभाष गुरव आला.

गुरव लांज्याकडचा. शटरिंग कार्पेंटर, सत्तावीस-अठ्ठावीसचा, काटक, कमी बोलणारा. बाप लहानपणी गेलेला, घरी आई एकटी. येऊन त्याला वर्ष झालं होतं, पण लांबच्या साइटवर होता, आमच्या कॅम्पात नुकताच आलेला. त्याला मॅचमध्ये घेतला कारण कार्पेंटरीचा एक जण तापाने पडला होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल.

तो गावाकडे सड्यावरच्या उघड्या कातळात खेळलेला. लांबून धावत आला आणि चेंडू सोडला. टेनिसचा बॉल, त्यावर इलेक्ट्रिकलवाल्यांची काळी टेप गुंडाळलेली, असा आला की मला दिसलाच नाही. दिसला तो भाईंचा मधला स्टंप. वाळूतून उपटून दोन हात मागे जाऊन पडला होता.

कुणी ओरडलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. गुरव दोन्ही हात वर करून एकटाच उभा. आणि मग मानेंचा आवाज आला, "नोऽऽ बॉल!"

गुरवाने खाली आपल्या पायाकडे पाहिलं. पाय रेषेच्या मागे वीतभर होता. मला बसल्या जागेवरून दिसत होता. तो परत गेला, आणखी मागून धावत आला. पुन्हा तोच स्टंप. "नोऽऽ बॉल!" तिसऱ्या वेळी दोन स्टंप गेले. मानेंनी तोही तेवढ्याच शांतपणे नो-बॉल दिला. मग कार्पेंटरीच्या कॅप्टनने घाईघाईने गुरवाच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि त्याला पार टँकरपाशी फील्डिंगला पाठवून दिलं.

मी काय केलं? मी लिहिलं. नो-बॉल, नो-बॉल, नो-बॉल. सुवाच्य अक्षरात. मे महिन्यात आमच्या ह्यांची सुट्टी होती, सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि अर्ज भाईंच्या टेबलावर ‘बघतो’ होऊन पडला होता. तेव्हा मानेंना काय नावं ठेवू? त्यांच्याकडे आवाज होता, माझ्याकडे पेन्सिल, एवढाच फरक.

मॅच संपल्यावर भाई स्वतः गुरवाजवळ गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वेग चांगला आहे हो तुझा. पण पाय पुढे जातो. पायाकडे लक्ष दे. प्रॅक्टिस कर, जमेल." गुरव मान खाली घालून ऐकत होता. बाकीचे पोह्यात तोंड घालून.

त्या संध्याकाळपासून कॅम्पात गुरवाचं जगणं मुश्किल केलं लोकांनी. तुझी सुट्टी गेली आता. दोन वर्षांची चार होणार. पासपोर्ट कपाटाच्या पार मागे सरकवलाय, मी डोळ्यांनी बघितला. जो तो येऊन एक गोष्ट सांगून जाई. आणि या सगळ्याच्या तिसऱ्या दिवशी लांज्याहून निरोप आला की आई सिरीयस आहे.

मला हे कळलं ते निरोपाला दहा दिवस होऊन गेल्यावर. आमच्या किचनच्या कपाटाचं दार निखळलं होतं, ते बसवायला कंपनीने नेमका गुरवाला पाठवला. दार बसवलं, स्क्रू घट्ट केले, आणि चहाचा कप हातात घेऊन तो तसाच उभा. चहा थंड झाला तरी उभा. मी म्हटलं, "काय रे, बरं नाही का?"

"आई आजारी आहे, वहिनी. रत्नागिरीला हलवलंय. शेजारचे फोन करतात. माझं नाव घेते म्हणतात सारखी."

"अरे मग जा की! इथे काय दारं बसवतोस? अर्ज केलास ना?"

"नाही."

"का?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडी. "कसा करू, वहिनी? मी भाईंना बोल्ड केलंय."

तो पुढे म्हणाला, "माने साहेब म्हणाले, दोन आठवडे थांब. राग थंड होऊ दे. आता मागितलीस तर कायमची जाईल."

आमचे हे ऑफिसातून आले तशी मी सांगितलं, मी कॅम्पवर जाते. हे दचकले. "तू मध्ये पडू नकोस. आपला अर्ज आहे मेचा." मी म्हटलं, "चुलीत गेला मे." आयुष्यात ह्यांना इतकं मोठ्याने मी पहिल्यांदाच बोलले असेन. सई खेळता खेळता थांबून बघायला लागली.

भाई ऑफिसात एकटे होते. टेबलावर अर्जांचा गठ्ठा, बाजूला शिक्का, मागे ते कपाट. मला पाहून उठून उभे राहिले. "या, या वहिनी. चहा मागवतो."

"चहा नको. भाई, गुरवाची आई जायला टेकलीय. त्याला घरी पाठवा."

"गुरव? शटरिंगवाला?" त्यांनी गठ्ठा चाळला. सगळा चाळला, दोनदा. "पण त्याचा अर्ज कुठाय?"

"केलाच नाही त्याने."

"का? इमर्जन्सी लीव्ह एका दिवसात होते. प्रोसिजर आहे तशी."

"घाबरतो तो तुम्हाला. त्याने तुम्हाला बोल्ड केलं म्हणून."

भाईंनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, बेरकीपणा नव्हता, काही नव्हतं. फक्त न समजल्याचं एक आश्चर्य होतं. ते म्हणाले, "पण वहिनी, तो नो-बॉल होता."

देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला रडू आलं आणि हसूही आलं. मी म्हटलं, "नव्हता, भाई."

"नव्हता?"

"नाही."

"तिन्ही?"

"तिन्ही."

भाईंनी चष्मा शर्टाला पुसला, परत डोळ्यांवर चढवला. मग अगदी हळू विचारलं, "आणि आधीचं सगळं?"

नऊ वर्षांच्या वह्या माझ्याच अक्षरात होत्या.

ते उठले. जानव्याची किल्ली काढली. कपाट उघडलं, गुरवाचा पासपोर्ट काढला. तो मागे बिगे काही नव्हता, ओळीत होता, आडनावाप्रमाणे. पासपोर्ट टेबलावर ठेवून ते म्हणाले, "वहिनी, मला एक सांगा. मी आजवर कुणाचा एक तरी अर्ज परत पाठवलाय?"

मी आठवायला लागले. नऊ वर्षं आठवली. उशीर झाला असेल, ‘बघतो’ म्हणून टांगून ठेवला असेल, पण परत? एकही नाही. चारशे माणसांतला एकही नाही. आम्ही घाबरत होतो ते नुसत्या कपाटाला. लाजेने मान वर करवेना.

कोरा फॉर्म काढून भाईंनी स्वतः भरला, गुरवाची सही घेतली, शिक्का मारला, तिकीट काढलं आणि त्याला स्वतःच्या गाडीने शारजा एअरपोर्टवर सोडून आले. गुरव लांज्याला पोचला तेव्हा आईला जाऊन एक रात्र झाली होती. अकरा दिवस तो इथे बसला होता. त्यातले दोन पुरले असते.

पुढच्या आठवड्यात भाईंनी माझ्याकडून वही मागून नेली आणि दोन दिवसांनी परत केली. त्या शुक्रवारी मैदानावर आले, पण साध्या कपड्यांत. म्हणाले, आता मी खेळणार नाही. आमच्या मंडळींना केवढा गहिवर! "फॉर्मात असताना निवृत्ती! याला म्हणतात खेळाडू!" वर्गणी काढून एक पितळी ढाल आणली. त्यावर कोरलेलं ‘नाबाद’. ती देताना मानेंचे डोळे भरून आले होते. भाईंनी ढाल हातात घेतली, वाचली, आणि म्हणाले, "बघतो." त्याचा अर्थ लावायला त्या दिवशी कुणी बसलं नाही.

तीनेक वर्षांनी ते कायमचे कुडाळला गेले. आणि आता ही शोकसभा.

मानेंनंतर चार जण बोलले. कव्हर ड्राइव्ह, स्क्वेअर कट, भाईंनी कधी न मारलेले सगळे फटके त्या हॉलमध्ये मारून झाले. ज्याने कॅच टाकला होता तो इलेक्ट्रिशियन म्हणाला, "त्यांचा फटकाच इतका ताकदीचा की हातात राहीना." मी सईकडे बघायचं टाळलं. गुरवाला भाईंनी स्वतः एअरपोर्टवर सोडलं तेही मानेंनी सांगितलं, मोठ्या मनाचं उदाहरण म्हणून. गुरव इथे अकरा दिवस का बसला होता, ते सांगितलं नाही.

मग शेवटच्या रांगेतून गुरव उठला. आता तो फोरमन झालाय, केस कानापाशी पांढरे. माईक घेतला नाही. म्हणाला, "मला भाषण येत नाही. भाईंबद्दल एकच सांगायचंय. मी त्यांना बोल्ड केलं होतं. तीनदा. खरं म्हणजे ते त्यांना आवडलं असतं, सगळ्यांना सांगितलेलं."

भाई तिकडे राख होऊन आठ दिवस झालेले. कपाटाची किल्ली दुसऱ्याच कुणाकडे, पासपोर्ट ज्याच्या त्याच्या खिशात. आता कुणाला कुणाचं भय होतं? माने हसत हसत उठले, गुरवाच्या पाठीवर थाप मारली आणि प्रेमाने म्हणाले, "अरे वेड्या, तो नो-बॉल होता!"

सगळा हॉल खळखळून हसला. "हो, हो, नो-बॉल!" मागून आवाज आले. "मी होतो तिथे! पाय हातभर बाहेर!"

माझं डोकंच फिरलं. वही पर्समध्ये होती, आणावी की नको करत आणली होती. उठले, ते पान उघडलं आणि मानेंच्या पुढ्यात धरलं. माझे तीन नो-बॉल भाईंनी लाल शाईने, पट्टी लावून, सरळ रेषेत खोडले होते. वर लिहिलं होतं: ‘बोल्ड गुरव. बोल्ड गुरव. बोल्ड गुरव.’ खाली पूर्ण सही. आणि शिक्का. APPROVED.

माने वाचत राहिले. मला वाटलं, आता तरी. त्यांनी मान वर केली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. वही उंच धरून त्यांनी सगळ्यांना दाखवली. "बघा! बघा या माणसाचं काळीज! एका गरिबाचं मन राखायला स्वतःला आऊट लिहिलं त्यांनी! आऊट नसताना!"

प्रचंड टाळ्या. काही जण उभे राहिले. मी खाली बसले. सई म्हणाली, "ममा, व्हाय आर दे क्लॅपिंग?" गुरवाकडे पाहिलं तर तो बाहेरच्या दारापाशी चपला शोधत होता.

त्या हॉलमध्ये मला आणखी एक सांगायचं होतं, ते मग सांगितलंच नाही. त्याचंही यांनी काहीतरी करून ठेवलं असतं. इथे सांगते.

गुरव आईचे दिवस करून परत आला, त्याच्या पुढच्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवारी पहाटे आम्ही अजमानच्या मासळी बाजारात चाललो होतो. लवकर गेलं की सुरमई चांगली मिळते. वाटेत आमचं मैदान लागतं. नुकतं उजाडत होतं, कॅम्प झोपलेला, आणि मैदानात दोन माणसं. मी ह्यांना गाडी थांबवायला लावली.

एका टोकाला भाई, पांढऱ्या कपड्यांत, एका पायाला पॅड. दुसऱ्या टोकाला गुरव. तो लांबून धावत आला. स्टंप उडाला. भाई वळले, अंपायरच्या जागेकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. तेव्हा त्यांनी बॅट काखेत धरली आणि स्वतःचंच बोट वर केलं. मग जाऊन स्टंप आणला, वाळूत ठोकला आणि म्हणाले, "टाक." पुन्हा उडाला. पुन्हा बोट. पाच वेळा मी मोजलं. भाई प्रत्येक वेळी स्टंप उचलायला असे लगबगीने जात होते, मला वाटतं त्यांच्या आयुष्यात त्यांना क्रिकेट पहिल्यांदाच खेळायला मिळत होतं.

सहाव्या चेंडूला ‘टप्प’ असा आवाज झाला. चेंडू बॅटला लागला होता. धड लागलाही नव्हता, कडेला घासून पॉइंटकडे आठ-दहा पावलं घरंगळत गेला. भाई त्याच्याकडे बघतच राहिले. गुरव ओरडला, "भाई, पळा! पळा!" आणि स्वतः चेंडूकडे झेपावला, अगदी जीव खाऊन, एक इंचाची सूट न देता. भाई पळाले. पॅड लटपटत होता, टोपी पडली. गुरवाने चेंडू उचलून स्टंपवर मारला आणि भाईंनी त्याआधी बॅट टेकवली होती. थोडक्यात वाचले.

माझा हात सवयीने पर्समधल्या पेन्सिलीकडे गेला. वही घरी होती. नऊ वर्षं मी भाईंच्या धावा लिहिल्या आणि ती एक मात्र कुठेच लिहिलेली नाही.